अनंत घरात कुंडीत लावायचाय? मग खताआधी पाणी बघा

अनंताबद्दल, म्हणजे गार्डेनियाबद्दल, जिथे तिथे एकच प्रश्न असतो, पानं पिवळी पडतायत काय करू, आणि उत्तरं पण ठरलेली, चहापत्ती घाला, ताक घाला, अंड्याची टरफलं घाला, जागा बदला. यातली चहापत्ती निरुपद्रवी आहे, टरफलं मात्र सरळ नुकसान करतात, ते पुढे येईलच. झाड नखरेल म्हणून उगाच बदनाम झालंय. कोकणात नाहीतर गोव्यात कुणाच्या परसातला अनंत बघा, त्याला कोणी खत घालत नाही की औषध मारत नाही, तरी पावसाच्या तोंडावर झाड फुलांनी भरतं. तेच झाड घाट चढून पुण्याला, सोलापूरला, संभाजीनगरला आलं की काही महिन्यात पिवळं. हवेचा फरक आहेच, पण त्याहून जास्त फरक माती आणि पाण्याचा आहे. कोकणातली जांभ्याची लाल माती आंबट, पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, ७ च्या जितका खाली तितकं आंबट) साधारण ५ ते ६.५, आणि वरून पाऊस धो धो. घाटावरची काळी माती चुनखडीची, पीएच ७.५ पासून ८.५ पर्यंत, आणि बोअरचं पाणी त्यात अजून भर घालतं. अनंताला ५ ते ६ च्या आसपास पीएच लागतो, तो वर गेला की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. बहुतेक घरांमधलं दुखणं एवढंच. म्हणजे फ्लॅटमधे अनंत ठेवायचा तर कुंडीपुरतं कोकण तयार करायचं, बाकी झाड स्वतःचं स्वतः बघतं.

आता रोप घेण्यापासून. नर्सरीत बऱ्याचदा डबल तगर अनंत म्हणून गळ्यात मारतात, मुद्दाम असं नाही, विकणाऱ्यालाही फरक माहीत नसतो. दोन्हीची फुलं पांढरी, पानं हिरवीगार चकचकीत, लहान रोपात गोंधळ होतोच. एक पान तोडून बघा (आधी विचारून, नाहीतर ओरडा बसेल), देठातून पांढरा चीक आला तर ती तगर, अनंताला चीक नसतो. शिवाय अनंताचं पान जास्त गडद, शिरा आत खोल गेलेल्या. तगरही छान झाड आहे, खरं सांगायचं तर अनंतापेक्षा सोपं, सावलीतही बऱ्यापैकी चालतं, पण अनंताचा वास पाहिजे असेल तर तगर घेऊन भागणार नाही.

अनंतातही प्रकार आहेत. सिंगल, म्हणजे सहा पाकळ्यांचा, आणि डबल, गुलाबासारखा भरगच्च. कुंडीसाठी आणि खिडकीसाठी एक बुटका प्रकारही मिळतो, पानं अगदी लहान लहान, फुलं रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, झाड पसरट वाढतं आणि फूटदीड फुटाच्या वर सहसा जात नाही. खिडकीच्या ग्रिलमधे ठेवायचं असेल तर डोळे झाकून हा बुटका घ्या, मोठा डबल अनंत दोनतीन वर्षात चारपाच फूट होतो आणि मग सोसायटीवाले खालून वर बघायला लागतात. झाड मूळचं दक्षिण चीन, तैवान, जपान, व्हिएतनाम त्या पट्ट्यातलं. तिकडे सिंगल अनंताच्या फळांपासून पिवळा रंग काढतात, आणि गंमत म्हणजे त्यातलं रंगद्रव्य क्रोसिन, जे केशरात असतं तेच. आपल्याकडच्या जंगलात याचा चुलतभाऊ आहे, डिकेमाली, ज्याचा उग्र वासाचा डिंक जुन्या लोकांच्या औषधाच्या डब्यात असायचा. एक्झोरा आणि कॉफी पण याच कुळातल्या, हे कॉफीचं लक्षात ठेवा, कीड आली की उपयोगी पडेल.

रोप घेताना फुलं आणि भरपूर कळ्या लागलेलं घ्यायचा मोह होतो, तो टाळा. जागा बदलली की अनंत कळ्या गाळतोच, म्हणजे तुम्ही ज्या वीस कळ्यांचे पैसे दिले त्यातल्या चारपाच उमलल्या तरी नशीब. त्यापेक्षा बुटकं, खालपासून फांद्या फुटलेलं, शेंड्याची नवी पानं हिरवी असलेलं रोप बघा. पानं उलटी करून बघा, पांढरा कापूस किंवा तपकिरी टिकल्या दिसल्या तर ते रोप तिथंच राहू दे.

घरी आणल्यावर लगेच कुंडी बदलायची घाई नको, आठदहा दिवस ज्या जागी ठेवायचंय तिथेच राहू दे. पण बदलायची नक्की, कारण आपल्या नर्सऱ्यांमधली खूप रोपं आंध्रातून, राजमुंद्रीजवळच्या कडियमच्या नर्सऱ्यांमधून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती लाल चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात रोप टिकावं म्हणून तो बरोबर आहे, आपल्या कुंडीत मात्र तो गोळा एकदा सुकला की दगड होतो, पाणी घातलं की बाजूने वाहून खाली ताटलीत येतं आणि आपल्याला वाटतं पाणी पोचलं. झाड मधल्या मधे तहानलेलं. म्हणून कुंडी बदलताना गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवा, मग बोटांनी बाहेरची तिसरा हिस्सा माती हलक्या हाताने सोडवा, सगळी धुवून काढायच्या फंदात पडू नका, अनंताच्या बारीक मुळांना ते झेपत नाही. सगळ्यात चांगला वेळ जून-जुलै, नाहीतर मग थंडी ओसरताना. मे महिन्यात आणि झाड कळ्यांवर असताना हात लावू नका.

माती कशी बनवायची? माझं मिश्रण असं, लाल माती चार भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तीन भाग, चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत नाहीतर गांडूळखत दोन भाग, आणि एक भाग पर्लाईट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके खडे), ते नसेल तर भाताची तुसं. वरून मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट विटेच्या स्वरूपात येतं ते भिजवून दोनतीन वेळा पाणी काढून टाकायचं, त्यात मीठ असतं. लाल माती नर्सरीतून आणताना जरा बघून आणा, काही ठिकाणी काळ्या मातीत विटांचा चुरा मिसळून लाल माती म्हणून देतात. थोडी माती बशीत घेऊन त्यावर व्हिनेगर टाका, फसफसली तर त्यात चुना आहे, अनंताला चालणार नाही. गंधकाची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते, दहा इंची कुंडीला एक छोटा चमचा मातीत मिसळला की पुढच्या काही महिन्यांत हळूहळू मातीचा पीएच खाली येतो, हे काम मातीतले जिवाणू करतात त्यामुळे आठवड्यात फरक दिसणार नाही आणि दिसला नाही म्हणून अजून चार चमचे घालायचे नाहीत.

कुंडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, दोन्ही चालतात. सिमेंटची नको. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना झिरपत राहतो आणि आपण आतून केलेली सगळी मेहनत वाया. तळाच्या भोकावर टाकायला बांधकामाचा राबिट उचलून आणतात तोही नको, त्याच कारणाने, खापराचा एक तुकडा पुरतो. आकार आधीच्या पिशवीपेक्षा एकच नंबर मोठा, म्हणजे सहा इंची पिशवीतलं रोप आठ इंची कुंडीत. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं कुजतात.

आता पाणी, ज्यासाठी एवढं सगळं चाललंय.

मुंबईकरांचं नशीब चांगलं, तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मऊ असतं, नळाचं पाणी सरळ घातलं तरी चालतं. पुण्यात खडकवासल्याचं पाणी येत असेल तर तेही ठीक. अडचण आहे बोअर आणि टँकरवाल्यांची, म्हणजे शहराबाहेरच्या जवळपास सगळ्या नव्या सोसायट्यांची. तुमचं पाणी जड आहे का हे कळायला लॅब नको, नळाला आणि बादलीला पांढरे डाग पडतात का, डाळ शिजायला वेळ लागतो का, साबणाला फेस येत नाही का, यातलं काही असेल तर जड आहे. या पाण्यात चुन्याचे क्षार असतात आणि रोज थोडे थोडे कुंडीत साठत जातात, त्यामुळे सुरवातीला झाड मस्त असतं आणि चारसहा महिन्यांनी पिवळं पडायला लागतं आणि माणूस म्हणतो की काहीच बदललं नाही तरी असं का झालं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरलेली दिसेल, तीच ती.

उपाय स्वस्त आहे. सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, दहा लिटर पाण्याला साधारण २ ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा, विरघळवून पंधरा मिनिटं ठेवा आणि ते पाणी घाला. पीएचच्या पट्ट्या ऑनलाइन मिळतात, एकदा तपासून घ्या, पाणी ६ च्या आसपास आलं की झालं, फार जड पाणी असेल तर थोडं जास्त लागेल. व्हिनेगर किंवा लिंबाचा रसही तेच काम करतो पण मोजमाप जमत नाही आणि रस घातला की चिलटं येतात. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम, पावसाळ्यात गॅलरीत एक झाकणाचा ड्रम भरून ठेवला तर महिनाभर एका कुंडीला पुरतं, झाकण मात्र घट्ट, डासांचं बघा. एसीच्या पाइपातून टपकणारं पाणीही चालतं, ते जवळजवळ क्षारविरहित असतं.

आणि काय घालू नये हे जास्त महत्त्वाचं. आरओ प्युरिफायरच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी फेकलं जातं ते लोक झाडांना घालतात, पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण सगळे क्षार त्याच पाण्यात दाट होऊन आलेले असतात, त्याने फरशी पुसा, अनंताला नको. सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवलेला असेल तर ते पाणीही नको, त्यात चुन्याच्या जागी सोडियम येतं, साबणाला फेस छान येतो पण मुळांना ते वाईट. विदर्भात कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी कुंड्यांना घालायची पद्धत आहे, त्यातही तेच, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. याउलट कूलरची दमट हवा मात्र अनंताला आवडते, समोर थेट झोतात न ठेवता खोलीत बाजूला ठेवलं तर नागपूरच्या उन्हाळ्यातही पानं टवटवीत राहतात.

किती आणि कधी? ठरलेल्या वारावर घालू नका. बोट पेरभर आत घालून बघायचं, कोरडं लागलं की खालून वाहून येईपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं पाणी ओतून टाकायचं. उन्हाळ्यात रोज लागेल, पावसाळ्यात आठवड्यातून एकदाही पुरेल. माती पूर्ण सुकू देऊन मग बादलीभर ओतायचं असं केलंत तर कळ्या गळणार म्हणजे गळणारच. जूनमधे पाऊस नीट सुरू झाला की कुंडी चार दिवस उघड्यावर ठेवा, वर्षभराचे साठलेले क्षार धुवून जातात. एवढं एक जरी केलंत तरी झाडात फरक दिसतो.

उजेडाबद्दल स्पष्ट सांगते कारण घरातलं झाड म्हणून फोटोत सोफ्याशेजारी अनंत दाखवतात. तिथे तो जगेल, पानंही राहतील काही महिने, फुलणार नाही. फुलं हवी तर सकाळचं चार तास तरी ऊन पाहिजे, म्हणजे पूर्वेची खिडकी नाहीतर पूर्वेची गॅलरी. दक्षिणेची हिवाळ्यात छान. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी लावा, दुपारच्या उन्हात पानं करपतात आणि कुंडी इतकी तापते की मुळं शिजतात. उत्तरेची खिडकी असेल तर वीस-तीस वॅटचा पांढरा एलईडी ग्रो लाइट झाडाच्या फूटभर वर, बारा तास, टायमर लावून. किंवा सरळ तगर घ्या. फुल उमललं की एकदोन दिवस कुंडी हॉलमधे आणून ठेवा, संध्याकाळी घरभर वास सुटतो, मग परत खिडकीत.

कळ्या गळण्याबद्दल. अनंताची कळी धरते ती रात्री गार असताना, रात्रीचं तापमान १५ ते १८ च्या दरम्यान असलं की उत्तम, म्हणून आपल्याकडे हिवाळ्याच्या दिवसात ज्या झाडाची काळजी घेतली तेच पुढे उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात फुलतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाड खिडकीत गार हवेत राहू दे, आत ऊबेला आणू नका. कळ्या लागल्यानंतर त्या हिरव्याच्या हिरव्या गळायला लागल्या तर कारणं अशी, कुंडी इकडून तिकडे हलवली, माती एकदा पूर्ण सुकली, एसीचा झोत थेट लागतोय, किंवा एप्रिलमधली पुण्याची कोरडी हवा. कोरड्या हवेवर लोक दिवसातून चारदा फवारा मारतात, त्याचा परिणाम दहा मिनिटं टिकतो. त्यापेक्षा चारसहा कुंड्या जवळ जवळ ठेवा, खाली पसरट ट्रेमधे खडे आणि पाणी, कुंडी खड्यांवर, पाण्यात नाही. कळ्या मोठ्या होऊन टोकाला तपकिरी होऊन न उमलताच राहिल्या तर एक कळी फोडून पांढऱ्या कागदावर झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसले तर फुलकिडे आहेत, थ्रिप्स. उमललेल्या फुलावर पाणी उडवू नका, डाग पडतात, आणि पाकळीला बोट लागलं तरी तिथे तपकिरी होतं, त्यामुळे फुल देठाला धरून काढायचं.

पिवळ्या पानांकडे परत येऊ, कारण पिवळं कुठलं हे बघितल्याशिवाय औषध नाही.

शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, जाळीसारख्या, हे लोहाचं. याला पाणी सुधारणं हाच खरा इलाज, पण तोवर आधार म्हणून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, द्यायचं. दुकानात फेरस ईडीटीए मिळतं, एक लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं, पंधरा दिवसांनी परत. माती फारच चुनखडीची असेल तर ईडीडीएचए नावाचं लालसर चिलेट मिळतं, महाग आहे पण ते जास्त पीएचलाही काम करतं, ते मातीत घालायचं. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, स्वस्त, दोन ग्रॅम लिटरला मातीत घालता येईल, पण जड पाण्याच्या कुंडीत त्याचा परिणाम फार टिकत नाही आणि फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग निघत नाही, भाड्याच्या घरात विशेष जपा. जी पानं आधीच पिवळी झालीत ती पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवीन फुटणारं पान बघायचं, तिथे उत्तर मिळतं.

खालची जुनी पानं पिवळी होऊन एकदोन गळतायत, त्यात काळजीचं काही नाही, सदाहरित झाड असलं तरी जुनी पानं कधीतरी टाकणारच. खालच्या पानांच्या शिरांमधे पिवळं आणि कडेने सुरवात असेल तर मॅग्नेशियम, एप्सम सॉल्ट एक ग्रॅम लिटरला महिन्यातून एकदा, दोनतीन महिने. सगळंच झाड एकदम फिकट आणि लोंबतंय, माती ओली, वास मारतेय, तर मुळं कुजली आहेत, काढून बघा, काळी मुळं कापा आणि कोरड्या नव्या मातीत लावा, वाचेल किंवा नाही वाचणार. थंडीत सगळी पानं थोडी फिकट होतात तेव्हाही घाबरू नका, माती गार असली की मुळं लोह कमी उचलतात, फेब्रुवारीत आपोआप सुधारतं, त्या काळात खत ओतू नका.

खताचं थोडक्यात. मार्च ते सप्टेंबर पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं पाण्यात विरघळणारं खत) एक ग्रॅम लिटरला, आणि महिन्यातून एकदा त्याऐवजी अमोनियम सल्फेट एक ग्रॅम लिटरला, ते मातीला जरा आंबट ठेवतं. फक्त सेंद्रिय करायचं असेल तर गांडूळखत मूठभर महिन्याला आणि निंबोळी पेंड. हिवाळ्यात बंद. अंड्याची टरफलं, चुना, राख, हाडांचं खत, या चार गोष्टी अनंताच्या कुंडीपासून लांब ठेवा, चारही पीएच वर नेतात. टोमॅटोला टरफलं चालतात म्हणून इथे चालतील असं नाही. चहापत्ती घालायचीच असेल तर दूध साखर धुवून वाळवून घाला, त्याने माती फार काही आंबट होत नाही, भुसभुशीत होते एवढाच फायदा, न धुता घातली तर मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागोमाग मिलीबग.

मिलीबग म्हणजे पांढरा कापूस, हा सगळ्यात जास्त त्रास देतो. थोडा असेल तर कानातल्या काडीवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट घेऊन एकेक पुसा, जास्त असेल तर झाड बाथरूममधे नेऊन जेट स्प्रेने धुवा, मातीवर प्लॅस्टिक बांधून, आणि मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि भांड्याचं लिक्विड दोनतीन थेंब एक लिटर कोमट पाण्यात, संध्याकाळी, दर पाचसहा दिवसांनी तीन वेळा. एकदा मारून सोडून दिलं तर अंड्यातून परत येतातच. पानांवर काळी काजळी धरली असेल तर ती बुरशी मिलीबग किंवा पांढऱ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढते, किडे घालवले की ती ओल्या फडक्याने पुसली जाते, वेगळं बुरशीनाशक लागत नाही.

आणि एक पाहुणा, जो बघून बायका किंचाळतात, शेपटीला शिंग असलेली बोटाएवढी जाड हिरवी अळी. रात्रीत अर्ध्या झाडाची पानं साफ. अळी पानाच्या रंगाची असल्यामुळे दिसत नाही, पण खाली कुंडीत मिऱ्यासारख्या काळ्या लेंड्या दिसल्या की समजायचं वर आहे. ही पारदर्शक पंखांच्या पतंगाची अळी, तो पतंग दिवसा फुलांवर भुणभुणत उडतो आणि लोकांना मोठी मधमाशी वाटतो, कॉफी आणि अनंत एकाच कुळातले म्हणून दोन्हीवर अंडी घालतो. चिमट्याने नाहीतर काडीने उचलून खाली बागेत सोडा, फवारायची गरज नाही, चावत नाही, विषारी नाही. झाड महिन्यात परत फुटतं.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर पानं फुलं खायला देऊ नका, उलट्या जुलाब होऊ शकतात.

छाटणी फुलांचा बहर संपला की लगेच, म्हणजे ऑगस्ट सप्टेंबरपर्यंत. एक तृतीयांश कापा, आत गुंतलेल्या काड्या काढा. ऑक्टोबरनंतर कात्री लावलीत तर ज्या शेंड्यांवर कळ्या धरणार तेच जातात आणि पुढच्या वर्षी नुसती पानं बघत बसावं लागतं. सुकलेली तपकिरी फुलं झाडावर ठेवू नका, दिसायलाही वाईट आणि बुरशीला आमंत्रण.

परदेशातल्या मंडळींसाठी, तुमच्याकडे अनंत गार्डेनिया नावाने फुलांच्या दुकानात, सुपरमार्केटमधे कुंडीतच मिळतो, कळ्यांनी लगडलेला, आणि पंधरा दिवसात कळ्या टाकतो. कारण दुकान आधी हरितगृहातलं दमट वातावरण देतं आणि तुमच्या घरात हीटिंगची सुकी हवा. उन्हाळ्यात बाहेर ठेवा, रात्री १२ च्या खाली जायला लागल्या की पानं दोन्ही बाजूंनी धुवून आत आणा, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत, रेडिएटरपासून लांब, आणि जमलं तर जरा गार खोलीत, झोपायच्या खोलीचं रात्रीचं १६-१७ त्याला झकास. ह्युमिडिफायर असेल तर शेजारी. पाण्याचं तिथेही तेच, न्यूयॉर्क शहराचं नळाचं पाणी मऊ आहे, लंडनचं अतिशय जड, तुमच्या केटलीत पांढरा थर बसत असेल तर वर दिलेला लिंबूसत्वाचा हिशोब तुम्हालाही लागू. बर्फासारखं गार पाणी नका घालू, खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

रोपं वाढवायची असतील तर पावसाळ्यात. अर्धवट पिकलेली, म्हणजे ना कोवळी ना लाकूड झालेली, चारपाच इंचाची काडी, वर दोनतीन पानं ठेवायची आणि मोठी असतील तर अर्धी कापायची, खालची पानं काढून कोकोपीट आणि वाळूत लावायची, वरून पाण्याची बाटली कापून झाकण. सावलीत, ओलसर. महिना दीड महिन्यात मुळं धरतात, ओढून बघायचा मोह आवरा, वर नवं पान फुटलं की समजतं. नुसत्या पाण्याच्या ग्लासातही मुळं येतात, पाणी दोन दिवसांनी बदलत राहायचं. गुटी कलमही सोपं, म्हणजे फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायची, पेन्सिलएवढ्या फांदीची इंचभर साल काढून ओलं शेवाळ प्लॅस्टिकमधे बांधायचं, आणि गुटीचं रोप काडीच्या रोपापेक्षा लवकर फुलतं, बऱ्याचदा पुढच्याच मोसमात. काडीवाल्याला दोन वर्षं तरी द्या, आणि पहिल्या वर्षी आलेल्या कळ्या एवढुश्या झाडावर ठेवू नका, खुडून टाका, जीवावर येतं पण झाड आधी भरू द्या.